कोळशातली उष्णता कशी मोजतात

गिरणीत वाफ कमी पडली की पहिला ठपका आगवाल्यावर येई. 'कोळसा उत्तम आहे, तूच आग राखत नाहीस.' त्याची बाजू मांडताना आम्हांस ही मोजणी शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तिचे उपकरण म्हणजे 'बाँब'. भिण्याचे कारण नाही. ते पोलादाचे जाड, बंद भांडे असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो याने १८८१ च्या सुमारास ही रीत आणली. आत एक ग्रॅम कोळशाची पूड आणि सुमारे ३० वातावरण दाबाचा प्राणवायू भरायचा, भांडे पाण्यात बुडवायचे, विजेच्या तारेने पूड पेटवायची, आणि पाणी किती तापले ते पाहायचे. पाण्याबरोबर भांडेही तापते. म्हणून ज्याची उष्णता ठाऊक आहे असे बेंझॉइक आम्ल आधी जाळून भांड्याचा हिशेब बसवतात.

समजा, पाणी व भांडे मिळून २४०० ग्रॅम पाण्याच्या बरोबरीचे, आणि तपमान १.८० अंश चढले. गुणाकार ४३२०, म्हणजे किलोला ४३२० किलोकॅलरी. भारतात २०१२ पासून याच आकड्यावर कोळशाची प्रत ठरते. ४३०१ ते ४६०० ही दहावी. अंशाच्या शंभराव्या भागाने वाचन चुकले तर आकडा ४२९६, प्रत अकरावी, आणि भाव उतरला! नमुना ढिगाच्या कोणत्या बाजूचा घेतला, हा वाद तर त्याच्याही आधीचा.

शिवाय बाँबमध्ये वाफेचे पुन्हा पाणी होते व तिची उष्णताही हिशेबात येते. बॉयलरात ती वाफ धुराड्यातून निघून जाते. ओला कोळसा हाती आलेल्या आगवाल्याने कागदावरच्या आकड्याइतकी वाफ काढावी कोठून?