चढणीचा सराव
पुण्याहून सिंहगडाचा घाट सायकलीने चढू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, सपाटीवर ज्याचे सामर्थ्य मुख्यतः वाऱ्याशी झुंजण्यात खर्ची पडते, त्याला चढावर स्वतःचा व वाहनाचा भारच उचलावा लागतो. ८० किलोंचा एकूण भार ५०० मीटर उंच नेण्यास सुमारे ३९२ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि घाई केल्याने त्यातली रतिभरही माफ होत नाही. म्हणून हलका गिअर आगाऊच घालून, मिनिटाला पॅडलच्या ७० ते ८० फेऱ्यांची लय सांभाळीत, तुटक वाक्येच बोलता येतील इतक्या श्रमाने ८ मिनिटे चढावे, तितकीच विश्रांती घ्यावी, आणि अशी तीन-चार आवर्तने आठवड्यातून दोनदा करावीत. आरंभीच्या वळणांवर उभे राहून पॅडल मारण्याचा मोह मला तरी घातक वाटतो. ती ताकद अखेरच्या तीव्र चढासाठी शिल्लक ठेवावी.