बेरीज सांगणारी, आकडे न सांगणारी किल्ली

एका विद्यार्थ्याचे पाच विषयांचे गुण कूटबद्ध करून ठेवलेत. तुमच्या किल्लीने ते गुण वाचता येत नाहीत, पण त्यांची बेरीज मात्र अचूक मिळते! गणितात किती, इतिहासात किती, याचा पत्ताच नाही. ‘फंक्शनल एन्क्रिप्शन’ म्हणतात ते हेच. २०११ साली डॅन बोने, अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी त्याची नेमकी व्याख्या मांडली. बेरजेसारख्या सोप्या हिशेबांसाठी सुटसुटीत पद्धती २०१५ पासून हाती आल्या.

पण शाळेतलं बीजगणित आठवा. प्रत्येक विषयाला वेगवेगळं वजन देऊन बेरीज सांगणाऱ्या पाच किल्ल्या एकत्र आल्या, की पाच स्वतंत्र समीकरणं झाली आणि पाचही गुण उघडे पडले. म्हणून कोणती किल्ली कुठे चालेल, यावर बंधन हवं. इथे ओळख कामी येते. माणसाचं नाव किंवा ईमेल पत्ता हीच त्याची सार्वजनिक किल्ली, ही कल्पना आदी शमीर यांनी १९८४ मध्ये मांडली. ती व्यवहारात उतरवता येईल अशी पद्धत सापडायला २००१ उजाडलं. आता कूटसंदेश एका ओळखीला बांधता येतो. दुसऱ्या ओळखींच्या कितीही किल्ल्या जमवल्या तरी तो दाद देत नाही.

आणि किल्लीच फुटली तर? ही भीती काल्पनिक नाही. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की वीज गेल्यावरही संगणकाच्या मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप गार केली तर कितीतरी मिनिटं. तेवढ्यात किल्ली उचलता येते, काही बिट पुसले गेले असले तरी.

यावरचा तोडगा मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. सार्वजनिक किल्ली एकच, पण तिच्याशी जुळणाऱ्या गुप्त किल्ल्या असंख्य, अशी रचना करायची. चोराला काही बिट मिळाले, तरी त्या बिटांशी जुळणाऱ्या किल्ल्या अजून अफाट उरतात. त्यांतली तुमची कोणती, हे त्याने जगातले सगळे संगणक जुंपले तरी ठरत नाही, कारण ते ठरवण्याइतकी माहितीच त्याच्याकडे नसते. गळती ठरावीक मर्यादेत असेपर्यंतच हे संरक्षण टिकतं. अख्खी किल्ली गेली तर उपाय नाही.

या किल्ल्या घडवते ती मूळ किल्ली. ती ज्याच्याकडे, तो कुणाच्याही नावाची किल्ली बनवू शकतो. ती अनेकांत वाटून ठेवता येते. तेव्हा अशी व्यवस्था तुमच्यापुढे आली, तर मूळ किल्ली कोणाकडे आहे, हे आधी विचारा.