पुन्हा गिळायला शिकताना

घशाशी आलेला घास अन्ननलिकेत जायला एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, जिभेचं मूळ मागे रेटा देतं, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. या सगळ्याचा क्रम मेंदूच्या तळाशी ठरतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर एकदा बरा होऊन पुन्हा उलटला, पुन्हा ऑपरेशन झालं, काहींना पुन्हा शेक (रेडिएशन) द्यावा लागला, की हा क्रम विस्कटतो. स्कॅन स्वच्छ आलेला असतो, घरचे देवापुढे साखर ठेवतात, आणि पेशंट मात्र पेजेच्या दोन चमच्यांनी ठसका लागून बेजार होतो.

‘अंगात ताकद आली की खाणं आपोआप सुधारेल, तोवर आराम करा,’ असं त्याला पाहुण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. त्यामागची माया खरी असते, पण हा सल्ला घातक आहे. शेक घेतलेल्या घशात नुसत्या आरामाने सुधारणा होत नाही, उलट तो आणखी आखडतो.

मुळात गाठ काढून टाकल्यावर कॅन्सर परत का येतो? काही वेळा डोळ्यांना आणि स्कॅनलाही न दिसलेल्या पेशी मागे राहिलेल्या असतात. पण दुसरंही एक कारण आहे. १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ पेशंट तपासले. गाठीच्या आसपासचं वरवर निरोगी दिसणारं अस्तरही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेलं आढळलं. वर्षानुवर्षं तंबाखू लागलेल्या तोंडात सगळं अस्तरच थोडंथोडं बदललेलं असतं आणि त्यात आणखी एखाद्या ठिकाणी नवी गाठ धरू शकते. म्हणून पहिल्या उपचारानंतर दोन वर्षं तपासणीची एकही तारीख चुकवायची नसते. कॅन्सर उलटण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त असतो.

दुसरा उपचार पहिल्यापेक्षा कठीण जातो तो पहिल्याच्या खुणांमुळे. सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक घेतल्यावर तोंडातले फोड महिना-दोन महिन्यांत भरतात. आत मात्र वेगळीच प्रक्रिया चालू राहते. बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि दुरुस्तीला आलेल्या पेशी कोलॅजेनचे तंतू बनवायचं थांबवतच नाहीत. लवचीक स्नायूंमध्ये चिवट जाळं विणलं जातं. हे काम महिने नव्हे, वर्षं चालतं. काही पेशंटना गिळण्याचा त्रास सुरू होतो तोच पाच-सात वर्षांनी. अशा रक्त कमी असलेल्या जागेत पुन्हा ऑपरेशन केलं तर जखम लवकर सांधत नाही. म्हणून सर्जन शरीराच्या दुसऱ्या भागातून, स्वतःचा रक्तपुरवठा असलेली ऊती तिथे आणून बसवतात. जबड्यासाठी पायातलं नळीजवळचं बारीक हाड, जिभेसाठी मनगटाजवळची किंवा मांडीची कातडी. छातीचा स्नायू कातडीसकट वर वळवण्याची रीत १९७९ मध्ये एरियन यांनी मांडली आणि आपल्याकडे तिचा आजही मोठा आधार आहे.

हा जोड जगला म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं, हे खरं. पण जोडलेल्या तुकड्याला चव कळत नाही, स्पर्श कळत नाही आणि तो स्वतः हलत नाही. छातीच्या कातडीला कधी कधी तोंडात केसही येतात, ते पाहून पेशंट घाबरतो. त्याला हे आधी सांगून ठेवायला हवं. उरलेल्या जिभेला आता या मुक्या तुकड्यावर घास दाबून मागे ढकलायला शिकायचं असतं. हे शिकणं स्नायूंइतकंच मेंदूचं आहे, आणि त्याला सरावाशिवाय दुसरा मार्ग नाही.

सराव कोणता द्यायचा हे ठरवण्यासाठी आधी बिघाड पाहावा लागतो. बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर गिळणं चलचित्रासारखं बघायची तपासणी अमेरिकेतल्या जेरी लोगेमान यांनी रुळवली. नाकातून बारीक दुर्बीण घालूनही घसा पाहता येतो. या तपासण्यांमधून कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अन्न श्वासनलिकेत उतरत असूनही काही पेशंटना ठसका लागतच नाही. शेकामुळे घशाची जाणीवच मंदावलेली असते. घरच्यांना वाटतं, छान जेवतोय. आणि दोन आठवड्यांनी न्यूमोनिया होतो. वारंवार ताप, जेवणानंतर ओलसर घोगरा आवाज, वजन उतरणं, ही लक्षणं म्हणूनच हलक्यात घेऊ नयेत.

उपाय साधे दिसतात. श्वास रोखायचा, गिळायचं आणि लगेच खोकायचं, म्हणजे वाटेत अडकलेलं बाहेर येतं. मान कमकुवत बाजूला वळवून गिळलं की घास बळकट बाजूने जातो. जमिनीवर उताणं झोपून, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाच्या बोटांकडे पाहायचं, हा रेझा शेकर यांच्या नावाचा व्यायाम. त्याने स्वरयंत्राला वर ओढणारे स्नायू बळकट होतात. पण कुणाला यातलं काय चालेल हे वाचा-उपचारतज्ज्ञानेच ठरवायचं. एकाला वाचवणारी युक्ती दुसऱ्याला ठसका लावू शकते.

अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाने २०१३ मध्ये घशाच्या कॅन्सरच्या ४९७ पेशंटची माहिती तपासली. शेक चालू असताना जे थोडंफार तोंडाने खात राहिले आणि गिळण्याचे व्यायामही करत राहिले, त्यांचं खाणं पुढे सर्वांत चांगलं राहिलं. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच खाऊ शकले असतील, ही शंका अशा अभ्यासात राहतेच. तरी स्नायू वापरात ठेवावेत या मताकडे माझा कल स्पष्ट आहे. नाकात नळी असली तरी तज्ज्ञाची परवानगी मिळताच दिवसातून काही घोट तोंडाने घ्यायला हवेत.

आपल्याकडचा पेशंट आणखी एक ओझं घेऊन येतो. सुपारीतल्या अॅरेकोलीनमुळे गालाच्या आत तंतू साठतात आणि तोंड उघडेनासं होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण त्याआधीची सवय आणि चोरून चाललेली विक्री यांचे परिणाम ओपीडीत रोज दिसतात. पहिला शेक लागण्याआधीच ज्याच्या तोंडात दोन बोटं जेमतेम जात होती, त्याच्या जबड्यावर दुसऱ्या उपचारानंतर काय वेळ येते याची कल्पना करा. चमचा आत जात नाही, दात घासता येत नाहीत, डॉक्टरला आत पाहताही येत नाही.

ज्यांचं पुन्हा ऑपरेशन होऊ शकत नाही त्यांच्यासाठीही चित्र थोडं बदललं आहे, आणि त्यात परळच्या टाटा मेमोरियलचा वाटा मोठा आहे. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध सहसा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, आणि ते बहुतेकांच्या खिशाबाहेर आहे. टाटाच्या डॉक्टरांनी १५१ पेशंटवर चाचणी घेतली. सगळ्यांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होतं, औषध मिळालेल्यांत ४३.४ टक्के. हाती आलेल्या त्या वर्षात माणसाला आमटी-भाताची चव घेता यावी, नातवाशी बोलता यावं, ही वैद्यकाची जबाबदारी आहे असं मला वाटतं. तरीही मोठ्या शहरांबाहेर गिळण्याचे व्यायाम शिकवणारा माणूस भेटणं कठीण. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणारा पेशंट गावी परतला की त्याचा हा धागाच तुटतो.

म्हणून घरी करण्याजोगं एक काम सांगतो. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर दर आठवड्याला पट्टीने मोजून वहीत लिहावं. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे जबडा आखडला आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दाढांमध्ये धरून, एकेक काडी वाढवत तो ताणता येतो. शेक घेतलेल्या जबड्यातला दात परस्पर कुणाकडून उपटून घेऊ नये, हाड कुजू शकतं. मानेला शेक बसला असेल तर थायरॉइडची तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करावी. सततचा थकवा पुष्कळदा तिथून येतो. आणि नेमाने व्यायाम करूनही वहीतला आकडा उतरू लागला, किंवा एका बाजूच्या कानात नव्याने ठणका सुरू झाला, तर ते नुसतं आखडणं समजून पुढच्या तारखेची वाट पाहू नये. परत आलेली गाठही सुरुवातीला अशीच जाणवते.