पगाराच्या रकान्यात न मावणारी वर्षं

तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला भाचा परवा आमच्याकडे जेवायला होता. पानं उचलायच्या आधीच त्याचा कागद टेबलावर आला. पाच वर्षांपूर्वी तो बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन हिंजवडीतून टेक्सासला गेला. आता तिथंच राहायचं, जर्मनीत श्टुटगार्टला जायचं की खराडीत एका परदेशी कंपनीच्या केंद्रात रुजू व्हायचं, हे त्याला ठरवायचं आहे. कागदावर त्यानं तिन्ही पगार रुपयांत मांडले होते.

ही चूक आपल्याकडे घरोघरी होते. बाजारभावानं डॉलरचे रुपये केले की आकडा फुगतो, पण त्यातला मोठा भाग खर्च होतो तो टेक्सासमध्येच. जागतिक बँक देशोदेशीच्या किमती ताडून क्रयशक्तीचा दर काढते. त्या दरानं अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात साधारण वीस-बावीस रुपयांत मिळतं. म्हणजे तिथं खर्चायचा डॉलर या दरानं मोजायचा आणि शिल्लक पडून इकडे येणारा बाजारभावानं. भाच्याला हे लगेच पटलं. पण त्या कागदावर वर्षं कुठंच नव्हती, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते.

भाच्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मुदत एरवी सहा वर्षं. पुढं राहायचं तर कंपनीनं ग्रीन कार्डाची प्रक्रिया बरीच पुढं नेलेली लागते. नोकरीच्या आधारावर दिली जाणारी ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला, त्यामुळे आपल्या इंजिनियरांची रांग दशकाहून लांबली आहे. मुलगी आज नऊ वर्षांची आहे. रांगेतच ती २१ वर्षांची झाली तर आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळू शकतं. मधेच नोकरी सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. भाच्याची बायको आर्किटेक्ट आहे. अवलंबितांच्या व्हिसावर असल्यानं तिला ही पाच वर्षं काम करता आलेलं नाही. पगाराच्या कुठल्याच रकान्यात ती वर्षं धरलेली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

पेन्शनकडेही सहसा कुणी बघत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीसाठी पगारातून ६.२ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. मात्र त्याचं निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही, त्यामुळे सहा वर्षांनी परतणाऱ्याला त्या कपातीतून पेन्शन मिळत नाही. जर्मनीशी मात्र आपला असा करार २०१७पासून लागू आहे. तिथं दोन्ही देशांतली नोकरीची वर्षं एकत्र धरता येतात.

जर्मनीत पगार कमी, कर आणि कपाती जास्त. पण ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर गेलेल्याला बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, अगदी प्राथमिक जर्मनवर २७ महिन्यांत. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते. अर्थात आर्किटेक्टच्या कचेरीत जर्मन बोलता आलं नाही तर त्या मुभेचा फारसा उपयोग नाही, आणि ती भाषा शिकायला जाणारी वर्षंही तिचीच.

खराडीचा पगार तिन्हींत कमी. तिथं व्हिसाचं घड्याळ नाही, पण कोथरूडच्या घरून रोज शहर ओलांडून जायचं, आणि केंद्र ठेवायचं की नाही हे परदेशातल्या मुख्यालयात ठरणार. तरी आजी-आजोबांच्या अंगणात मुलीची चार वर्षं गेली तर त्यांची किंमत मी कमी लेखणार नाही.

भाच्यानं कागद उलटा केला आणि पगाराऐवजी पुढची बारा वर्षं एकाखाली एक लिहिली. शेजारी मुलीचं वय, बायकोचं वय, आईचं वय. तोवर गप्प बसलेल्या ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, तिथं बोट ठेवलं. तिची इमारत बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर आणि गुडघे दुखतात. ती म्हणाली, "कुठंही जा रे, पण किती वर्षांसाठी ते सांग. तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला निघालाय. दोन खोल्यांचा घेऊ की तीन, एवढंच मला ठरवायचंय."