शेपटीवरचा फास : पाळीव शॅमेलिऑनची अडलेली कात

एखाद्या गावाने किंवा संस्थेने जुने सोडून नवे रूप घेतले की 'त्या गावाने कात टाकली' असे आपण सहज म्हणतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र कात टाकणे हा नुसता शब्दप्रयोग नाही. ती शरीराची ठराविक काळाने होणारी क्रिया आहे आणि ती अडली तर अवयव गमावण्याची, प्रसंगी जीव जाण्याची वेळ येते.

माणसांच्या आरोग्याच्या सदरात सरडा कुठून आला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पूर्वी घरात कुत्रा-मांजर, फार तर काचेच्या पेटीत मासे असत. आता परदेशी सरडे पाळण्याची हौस मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचू लागली आहे. या प्राण्यांवर उपचार करणारे तज्ज्ञ जवळपास मिळत नाहीत. मग घरचा डॉक्टर किंवा औषधांचा दुकानदार यांनाच विचारले जाते, 'शेपटीचे टोक काळे पडले आहे, कोणते मलम लावू?' मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नव्हे. पण त्वचा, रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग यांचे मूळ नियम माणसाला आणि प्राण्याला सारखेच लागू पडतात. म्हणून एवढे खात्रीने सांगता येते की, या दुखण्याचे पहिले औषध मलम नसून पाणी आहे, आणि तेही वेळेवर.

शॅमेलिऑन म्हणजे कोणता सरडा?

कुंपणावर मान वरखाली करणारा आणि विणीच्या काळात गळा लाल होणारा आपला नेहमीचा सरडा म्हणजे शॅमेलिऑन नव्हे. शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, पायांची बोटे चिमट्यासारखी फांदी पकडतात आणि शेपटीची गुंडाळी होते. भारतात याची एकच जात आढळते. तिला मराठीत कोणी घोयरा म्हणतात, कोणी सरडगुहिरा. हौशी लोक पाळतात ते बहुधा परदेशी असतात. येमेन व सौदी अरेबियाच्या डोंगरांतला 'व्हेल्ड' आणि मादागास्कर बेटावरचा 'पँथर' या त्यांतील दोन प्रसिद्ध जाती.

या प्राण्याला शेपटी म्हणजे पाचवा हात. पाय सुटला तरी शेपटीच्या विळख्यावर तो फांदीला लटकून राहतो. घरातील पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शॅमेलिऑनची शेपटी मात्र एकदा गेली की पुन्हा येत नाही. म्हणून तिच्या दुखण्याकडे 'होईल आपोआप बरे' असे म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते.

कात कशी निघते आणि का अडते?

आपल्याही त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, पण बारीक कणांनी झडत असल्यामुळे तो दिसत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांत जुन्या थराखाली आधी नवा थर तयार होतो. दोहोंमध्ये थोडा द्रव झिरपतो आणि जुना थर सुटतो. सापाची कात अखंड निघते, तर शॅमेलिऑनची तुकड्यातुकड्याने. आधी रंग फिका पडतो, अंगावर पांढुरके पापुद्रे दिसतात आणि प्राणी फांदीला अंग घासतो. वाढीच्या वयातील पिल्लू काही आठवड्यांनी कात टाकते, मोठा प्राणी त्यापेक्षा बऱ्याच उशिराने. निरोगी प्राण्यात हे काम साधारण एक-दोन दिवसांत आटोपते.

हा सुटणारा थर ओलसर असावा लागतो. हवा कोरडी असेल किंवा प्राण्याच्या शरीरातच पाणी कमी असेल, तर तो वाळून चिकटतो. पोटातले जंत, अंगावरचे परजीवी, मूत्रपिंडाचे विकार, जुन्या जखमांचे वण आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता ही आणखी काही कारणे आहेत. कात वरचेवर अडत असेल तर केवळ त्वचेत नव्हे, प्राण्याच्या एकूण प्रकृतीत बिघाड आहे असे समजावे.

आपली हवा या प्राण्याला मानवत नाही

अकोले तालुक्यातील घाटघर-भंडारदऱ्याचा मुसळधार पावसाचा पट्टा सोडला, तर आपला अहिल्यानगर जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेत येतो. मार्च ते मे या काळात दुपारी हवेतील आर्द्रता बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली उतरते. या प्राण्यांना मात्र दिवसा साधारण ५० ते ७० टक्के आणि रात्री त्याहून अधिक आर्द्रता लागते. 'व्हेल्ड' वाळवंटी देशातला, तो कोरडेपणा सोसेल, हा गैरसमज आहे. तो तेथील पावसाच्या, दवाच्या डोंगरउतारांवर राहतो.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. शॅमेलिऑन सहसा वाटीतले साचलेले पाणी पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. त्यामुळे पिंजऱ्यात वाटी भरलेली आणि प्राणी तहानलेला, असे घडते. डोळे खोल गेलेले दिसणे आणि विष्ठेसोबत पडणारा पांढरा भाग पिवळा-नारिंगी होणे, ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत.

फास कसा बसतो?

अंगावर चिकटलेला पापुद्रा सहसा फार नुकसान करीत नाही. धोका असतो तो बोटांवर आणि शेपटीच्या टोकाकडे, कारण तेथे काढायची राहिलेली कात कड्यासारखी बसते. वाळताना ती आवळते. पुढच्या वेळी तिच्यावर दुसरे कडे चढते.

तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाभोवती आईचा लांब केस गुंडाळला गेला, तर बोट सुजून लालबुंद होते. लवकर लक्षात आले नाही तर ते काळे पडते. सुजलेल्या बोटात अडकलेल्या अंगठीचेही तसेच. आधी अशुद्ध रक्त परत जाणे थांबते, सूज येते, सुजेमुळे फास आणखी आवळतो आणि शेवटी शुद्ध रक्तही पोचेनासे होते. शॅमेलिऑनच्या शेपटीत हेच घडते.

पुढे दोन वाटा असतात. टोक वाळून काळे, कडक होते, तो कोरडा गँगरीन. किंवा जंतू शिरून सूज, ओल आणि दुर्गंधी येते, तो ओला गँगरीन. दुसरा प्रकार अधिक घातक. संसर्ग शेपटीच्या हाडांत आणि रक्तात पसरून प्राणी दगावू शकतो. मधुमेही रुग्णाच्या पायाबद्दल आम्ही डॉक्टर जे वारंवार सांगतो, तेच येथेही खरे आहे. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणून औषधही पोचत नाही. नुसत्या प्रतिजैविकाने काळे टोक पुन्हा जिवंत होत नाही.

शेपटीला इजा होण्याची इतरही कारणे आहेत. दिव्याचा चटका, पिंजऱ्याच्या दारात शेपटी सापडणे, एकत्र ठेवलेल्या दुसऱ्या शॅमेलिऑनचा चावा, आणि खाण्यासाठी सोडलेल्या पण रात्रभर तशाच राहिलेल्या रातकिड्यांनी कुरतडणे. हे प्राणी एकेकटेच ठेवावेत आणि उरलेले किडे संध्याकाळी काढून टाकावेत.

घरी काय करावे?

१. पिंजऱ्यातील पानांवर दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवारा मारावा. भांड्याला बारीक छिद्र पाडून पानांवर थेंबथेंब पाणी पडेल अशी सोय करावी.

२. पिंजऱ्यात आर्द्रतामापक लावावा. मात्र दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने कोरडी होऊ द्यावीत. सतत ओलसर, कोंदट पिंजऱ्यात बुरशी वाढते. कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट अंगावर नसावा.

३. अंग घासण्यासाठी खरखरीत फांद्या ठेवाव्यात.

४. कात अडली असेल तर न्हाणीघरात कुंडीतल्या झाडावर प्राण्याला बसवून, कोमट पाण्याचे हलके तुषार वीस-तीस मिनिटे पडू द्यावेत. कोणीतरी जवळ थांबावे. बादलीत बुडवून ठेवू नये, त्याने प्राणी घाबरतो.

५. नंतर ओल्या कापसाच्या काडीने कडे अलगद भिजवावे. आपोआप सुटले तर ठीक. ओढून काढू नये, कारण खालची कोवळी त्वचा फाटून जंतूंना वाट मिळते.

६. दर वेळी कात निघाल्यावर शेपटीचे टोक आणि एकेक बोट उजेडात तपासावे. ही दोन मिनिटांची तपासणी पुढचे सारे टाळू शकते.

काय करू नये?

डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जिवंत पेशीही भाजतात. तेल-हळदीचा लेप मळ धरतो आणि खालची त्वचा कशी आहे ते कळू देत नाही. बधिर करणारे औषध मिसळलेली मलमे आणि आपल्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत. पूर्ण वाढलेला नर 'व्हेल्ड' बहुधा दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. साठ किलोच्या माणसाची गोळी पाव केली तरी ती त्याला कित्येक पटींनी जास्त होते. अ जीवनसत्त्वाचेही तसेच. मुलांना दिला जाणारा दोन लाख युनिटचा डोस या प्राण्याला विषासमान आहे. जादा अ जीवनसत्त्वाने उलट त्वचाच सोलपटते.

दिव्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. या प्राण्याला अतिनील किरणे आणि कॅल्शियम न मिळाल्यास हाडे मऊ होतात. लहान मुलांतील मुडदूस तोच. पण म्हणून काचेची पेटी मे महिन्याच्या उन्हात ठेवू नये. थोड्याच वेळात आत भट्टी होते.

पशुवैद्याकडे केव्हा न्यावे?

एक-दोन दिवस भिजवूनही कडे सुटले नाही, टोक सुजले, रंग बदलला, दुर्गंधी आली, शेपटीची गुंडाळी होईना किंवा प्राण्याने खाणे सोडले, तर थांबू नये. काळा भाग वर सरकत असेल तर त्याच दिवशी न्यावे. पशुवैद्य फास काढतात, वजनावर मोजून औषध देतात आणि गरज पडल्यास भूल देऊन मेलेला भाग कापतात. थोडी शेपटी गेलेला प्राणी नीट जगतो. उशीर केला तर मात्र अधिक कापावी लागते. आपल्याकडील सरकारी दवाखान्यांचे बहुतेक काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे असते. तेथे आधी विचारावे आणि गरज असेल तर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुंबईतील परळचे महाविद्यालय किंवा पुण्यातील अनुभवी पशुवैद्य यांचा सल्ला घ्यावा. हा पत्ता प्राणी घरी आणण्यापूर्वीच शोधून ठेवलेला बरा.

घरातील माणसांसाठी

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, ताप, उलट्या होतात. याच जंतूंमुळे अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी हे प्राणी हाताळू नयेत. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुवू नयेत. घरात कोणाला जुलाब-ताप झाल्यास घरी सरडा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बांधावरचा घोयरा घरी आणू नका

आपल्या माळरानात, बांधावरच्या बाभळी-बोरींवर दिसणाऱ्या घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे वा मारणे हा गुन्हा आहे. परदेशी जाती पाळणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करणे आवश्यक आहे.

घोयरा विषारी असल्याच्या समजुतीने अनेकदा त्याला दगड मारले जातात. भारतात एकही विषारी सरडा नाही. अंगावर पांढरी लक्तरे लोंबणारा घोयरा दिसला तर तो रोगट नाही, तो कात टाकतो आहे. त्याला सोलू नका, पाणी ओतू नका. झाडावर राहू द्या. पहाटेचे दव आणि खरखरीत फांदी त्याला पुरेशी असते. जखमी आढळला तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांनी आज रात्री एवढेच करावे. बॅटरी घेऊन प्राण्याच्या शेपटीचे टोक पाहावे. तेथे पांढरे कडे दिसले तर मलमाच्या दुकानात जाण्याची गरज नाही. ते उद्या सकाळी कोमट पाण्याने सुटू शकते. महिन्याभराने पाहिले तर कदाचित सोडवायला शेपटीच उरणार नाही.