दुधातील पांढऱ्या पेशी आणि दगडी रोग

मुळशी तालुक्यात पावसाळा लागला की गोठ्याची जमीन वाळतच नाही. ताम्हिणीच्या अंगाला तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा ओलीत नुकत्याच व्यालेल्या संकरित गाईस दगडी, म्हणजे कासदाह, होण्याचे भय अधिक. कास टणक होईपर्यंत वाट पाहू नये. चारही सडांचे थोडे थोडे दूध चार खळग्यांच्या थाळीत पिळून त्यात कॅलिफोर्निया चाचणीचे द्रावण तितकेच मिसळावे व थाळी गोल हलवावी. एखाद्या खळग्यातील दूध शेंबडासारखे घट्ट झाले, तर तो सड रोगाने धरला असे समजावे.

हा घट्टपणा जंतूंचा, असे बहुतेकांना वाटते. ते खरे नव्हे. जंतूंशी झुंजण्यासाठी रक्तातून कासेत उतरलेल्या पांढऱ्या पेशी द्रावणाने फुटतात व त्यांच्या केंद्रातील द्रव्यामुळे दूध चिकट होते. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात पेशी सामान्यतः 1 लाखाच्या आत असतात; 2 लाखांवर गेल्यास संसर्गाचा संशय घ्यावा.

परंतु या पेशी वाहत्या रक्तातून नेमक्या कासेतच कशा उतरतात? पुरात वाहणाऱ्या माणसास काठची फांदी सापडावी, तसाच हा प्रकार आहे. पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंनी मढलेली लांबट प्रथिने उभी असतात. त्यांस म्यूसिन म्हणतात. लाळेचा बुळबुळीतपणा याच कुळातील प्रथिनांचा. जंतू शिरलेल्या जागी रक्तवाहिनीची भिंत सिलेक्टिन नावाची प्रथिने पुढे काढते. पेशीवरील पीएसजीएल-१ हे म्यूसिन त्यांत अडकते, सुटते, पुन्हा अडकते. पेशी मंदावून भिंतीवरून गडगडत जाते. या पकडीनेच तिला जाग येऊ लागते व इंटिग्रिन ही दुसरी प्रथिने तिला घट्ट चिकटवितात. सीडी४३ हे आणखी एक म्यूसिन एरवी पेशींना एकमेकींपासून दूर ठेवते. पेशी सरकू लागताच ते मागच्या टोकास गोळा होते. मग पेशी भिंतीतून वाट काढून बाहेर पडते.

यातील एक कडी तुटली तर काय होते, हे होल्स्टीन जातीत दिसून आले. अमेरिकेत 1952 साली जन्मलेल्या ऑस्बर्नडेल आयव्हनहो या वळूच्या वंशातून इंटिग्रिनचा दोष पसरला. आईबाप दोहोंकडून तो आलेल्या वासराच्या रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असतात, त्या गडगडतात, पण चिकटत नाहीत. हिरड्या सडतात, न्यूमोनिया होतो, वासरू बहुधा वर्षाच्या आत दगावते. 1992 साली जनुकातील दोष सापडला व वळूंची तपासणी शक्य झाली. ग्रामसेवकांनी रेतनाच्या वेळी कांडीवरील वळूचा क्रमांक टिपून ठेवावा. हे काम कंटाळवाणे खरे, पण वासरू मेल्यावर तोच कामी येतो.

निर्दोष गाईसही विण्याच्या सुमारास धोका असतोच. त्या दिवसांत रक्तात कॉर्टिसॉल वाढते, पेशींवरील एल-सिलेक्टिन ही पकड कमी होते आणि पेशी कासेत उशिरा पोचतात. म्हणून विण्याच्या आधीपासूनच गाईखाली कोरडा पेंढा घालावा. धार काढल्यावर सड आयोडीनच्या सडद्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड लगेच मिटत नाही. तेव्हा वैरण धारेनंतर टाकावी, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. दगडीची गाय शेवटी पिळावी, आणि औषध सडात सोडण्यापूर्वी पशुवैद्यकास दाखवावे.