सागरी इशाऱ्यांतील क्षेत्रसंकेत

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने किनाऱ्यालगतच्या पाण्याचे विभाग पाडून प्रत्येकाला संकेत दिला आहे. न्यूयॉर्क बंदराचा संकेत ‘एएनझेड ३३८’. पहिली दोन अक्षरे उत्तर अटलांटिक किनारपट्टीची, ‘झेड’ म्हणजे विभाग आणि ३३८ हा त्याचा क्रमांक. मेक्सिकोच्या आखाताचे संकेत ‘जीएम’ने सुरू होतात.

इशाऱ्याच्या मजकुराआधी हे संकेत येतात आणि त्यांच्यामागे सहा आकडे. ‘०७१५३०’ म्हणजे सात तारखेला, जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी साडेतीन वाजता, मुदत संपते. त्यामुळे इशारा कुठला आणि कधीपर्यंतचा, हे संगणकाला वाक्य न वाचताही कळते.

रेडिओवर हाच विभाग केवळ आकड्यांत जातो. ‘एएन’साठी ७३, म्हणून न्यूयॉर्क बंदर ०७३३३८, आरंभीचे शून्य संपूर्ण विभाग दाखवते. निवेदनाआधी हा संकेत खरखरत्या ध्वनीतून तीनदा प्रसारित होतो. नावेवरच्या संचात तो क्रमांक भरलेला असेल तरच भोंगा वाजतो. खरा लाभ इथेच आहे. दूरच्या वादळांसाठी रात्रभर भोंगा वाजत राहिला, तर नावाडी संचच बंद करतो.

विशेष सागरी इशारा ३४ नॉट किंवा त्याहून वेगवान आकस्मिक वारा, मोठ्या गारा आणि जलस्तंभ यांसाठी असतो. त्याची मुदत साधारणतः दोन तासांपर्यंत. वादळ विभागांच्या सीमा पाळत नाही, म्हणून सोबत अक्षांश-रेखांशांनी आखलेला बहुभुजही दिला जातो. विभागाच्या एका कोपऱ्यालाच धोका असला, तरी रेडिओसंच मात्र सबंध विभागात वाजतो.